बुरशीची भिंत आणि आमची मलमे

महोदय,
मृग लागला की आमच्या गुहागरकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. चुलीवरच्या वलणीवर टाकले तरी कमरेची शिवण दमटच, आणि गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी, उठते नेमके तिथेच. गेल्या पावसात मी डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून मलम आणले. दोन दिवसांत खाज थांबली, पंधरवड्यात गजकर्णाचे कडे दुप्पट! त्यात स्टेरॉइड होते, म्हणजे खाज दाबणारे पण बुरशी न मारणारे औषध, हे नंतर कळले.

बुरशीवर औषधे मोजकीच, कारण तिच्या पेशी जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींच्या जवळच्या. मोठा फरक तिच्या भिंतीचा: कायटिन, ग्लुकन (दोन्ही साखरेच्या लांब साखळ्या) आणि त्यांत रुतलेली प्रथिने. आपल्या पेशींना भिंतच नाही. कॅन्डिडा ही बुरशी तर अशाच प्रथिनांच्या जोरावर शरीराला चिकटते. ग्लुकन बनू न देणारी औषधे २००१ पासून आहेत, पण त्यांतली बहुतेक शिरेतून द्यावी लागतात. गजकर्णाला त्यांचा काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी काढली. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आंब्याच्या करप्यावर, म्हणजे त्याच्या बुरशीरोगावर, काम होते, ते व्हायलाच हवे. माणसाच्या कातडीवरच्या बुरशीसाठीही कोकणात एखादी प्रयोगशाळा असावी. तोवर स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकणे तरी थांबवा.

— एक वाचक, गुहागर