निचऱ्याच्या पाईपचा हिशोब शेतकऱ्याला दाखवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

शिरोळ भागात जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून, जादा पाणी आणि मीठ बाहेर काढून, क्षारपड जमिनी सुधारल्यात हे आम्ही डोळ्यानं बघितलंय, म्हणून तर बांधाला बांध असलेल्या सगळ्यांनी मिळून 30 एकराची स्कीम केली. आमच्या रानात मीठ फुटलेलं, ऊस गुडघ्याच्या वर जात नव्हता. पहिल्या पावसाळ्यानंतर वरचं रान सुधारलं पण खालचे आठ एकर तसाच चिखल, आणि मॅनहोलचं, म्हणजे पाईप तपासायच्या खड्ड्याचं, झाकण काढलं तर आत पाणी कंबरेएवढं तुंबलेलं. ठेकेदार म्हणाला काळी भारी जमीन आहे, वेळ लागतो.

शेवटी धाकटा भाऊ आणि मी 20 लिटरची बादली घेऊन ओढ्यावर गेलो, पाईपच्या तोंडाला बादली धरली आणि मोबाईलवर वेळ लावली. 14 सेकंद. चार वेळा भरली, तेवढेच. म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड लिटर.

आता यायला किती पाहिजे ते बघा. स्कीमला निचरा दिवसाला 2 मिमी धरलाय, म्हणजे सगळ्या रानावरनं रोज 2 मिमी जाडीचा पाण्याचा थर निघायला पाहिजे, एकराला 1 मिमी म्हणजे 4,047 लिटर, तर 30 एकराचं दिवसाला 2 लाख 40 हजार लिटरच्या वर पाणी होतं, सेकंदाला 2.8 लिटर. बादली सात सेकंदात भरायला पाहिजे होती! सगळ्या पाईपांचं पाणी गोळा करून ओढ्याला नेणारा कलेक्टर पाईप टाकलाय 100 मिमीचा, उतार हजार फुटाला एक फूट, एवढ्या उतारावर तो कोरुगेटेड (वळ्यावळ्यांचा) पाईप पूर्ण भरून वाहिला तरी सव्वा-दीड लिटरच नेतो. तोच 150 मिमीचा असता तर जवळपास तिप्पट पाणी गेलं असतं, कारण पाईप दीडपट झाला की पाणी दीडपट नाही वाढत, त्याच्या कितीतरी पुढं जातं, आणि उतार चौपट केला तर मात्र पाणी फक्त दुप्पट होतं. परत गाळ बसतो त्याची जागा सोडायची ती वेगळीच.

माझी कळकळीची विनंती आहे की जिथं जिथं सामुदायिक स्कीम होतीय तिथं चर मारायच्या आधी हा हिशोब मराठीत कागदावर लिहून शेतकऱ्याला द्यावा, कुठल्या पाईपवर किती एकर, उतार किती, सेकंदाला किती लिटर. आणि काम झाल्यावर रान ओलं असताना सगळ्यांसमोर बादली लावून मोजावं, त्याशिवाय शेवटचं बिल देऊ नये. ओढ्याची पातळी पण बघायला पाहिजे, 2019 आणि 2021 च्या महापुरात आमच्याकडचे ओढे कृष्णेच्या फुगीनं मागं भरले होते, पाईपचं तोंडच पाण्याखाली गेल्यावर आतलं पाणी जाणार कुठं.

आम्हाला आता कलेक्टर उकरून मोठा टाकायचा म्हटलं तर उभ्या उसातनं सहा फूट खोल चर काढावा लागणार आहे, आणि त्या आठ एकरातल्या दोन घरांकडं दुसरं रान नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर