प्लेट लावणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

कोरोना विषाणूच्या जीनोमचा, म्हणजे त्याच्या संपूर्ण जनुकीय मजकुराचा, अहवाल बाहेर पडतो तेव्हा त्यात वंशवृक्ष असतो, तालुक्यांचा रंगीत नकाशा असतो, व्हेरिएंटचं नाव असतं आणि खाली आमच्यासारख्या संगणकवाल्यांच्या सह्या असतात. नमुन्याची ट्यूब उघडून आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) काढणाऱ्या, 96 वेलची म्हणजे खळग्यांची प्लेट लावणाऱ्या आणि तिची शीट भरणाऱ्या माणसाचं नाव तिथं क्वचितच दिसतं. म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय. मोघम आभार मानले की ते कशाबद्दल तेच कळत नाही, तेव्हा कामाचं नाव घेऊनच बोलतो.

सगळ्यात आधी तारखा. तुम्ही तारीख 2021-09-04 अशी लिहिता, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. बघणाऱ्याला हा हट्ट वाटेल. पण 04-09-2021 असं लिहिलं आणि संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असली, तर एक्सेल चार सप्टेंबरचा मुकाट्यानं नऊ एप्रिल करतं. गंमत अशी की 14-09-2021 उलटत नाही, कारण चौदावा महिनाच नसतो. ती तारीख मजकूर म्हणून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटते आणि उलटलेल्या तारखा उजव्या कडेला जातात. म्हणजे महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांतले नमुने बिघडतात, बाकीचे शाबूत राहतात, आणि वरवर सगळी शीट ठीक दिसते. पुढं काय होतं? कोरोना विषाणूच्या जीनोममध्ये महिन्याला साधारण दोन बदल साठतात. सप्टेंबरच्या नमुन्यावर एप्रिलची तारीख पडली तर त्यात त्या तारखेच्या मानानं दहाएक बदल जास्त निघतात. काळानुसार वृक्ष मांडणारा प्रोग्रॅम एक तर तो नमुना रेषेबाहेरचा म्हणून टाकून देतो, नाहीतर त्याच्यासाठी अख्ख्या फांदीचं वय मागं ओढतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो पटकन नजरेत येत नाही.

तारीख कुठली, हेही तुम्ही पाहता. स्वॅब घेतल्याची, प्रयोगशाळेत पोचल्याची आणि अहवालाची, अशा तीन तारखा फॉर्मवर असतात. चंदगड, आजरा अशा लांबच्या तालुक्यांतले नमुने एकगठ्ठा आले आणि पोचल्याची तारीख धरली, तर आलेखात त्या दिवशी साथीचा खोटाच सुळका उभा राहतो. पावसाळ्यात रस्ते बंद पडले की हा फरक आणखी वाढतो. आम्हाला लागते ती स्वॅबची तारीख, आणि तुमच्या शीटमध्ये तीच असते.

नमुना क्रमांकांचंही तसंच. 00731 चे पुढचे शून्य एक्सेल खाऊन टाकतं. 12ई04 असा इंग्रजी ई घातलेला क्रमांक त्याला आकडा वाटतो आणि त्याचे तो 1,20,000 करतो. तुम्ही तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवता. दोन क्लिकचं काम, पण ते नसलं तर जीनोमची (फास्टक्यू) फाइल एका नावाची आणि रुग्णाची नोंद दुसऱ्या नावाची, अशी जोड्या लावायची कसरत आमच्या गळ्यात पडते.

आता निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे विषाणू नसलेला, नुसत्या पाण्याचा नमुना. याबद्दल आभार जरा जास्तच. पुष्कळ ठिकाणी हा कंट्रोल फक्त पीसीआरच्या, म्हणजे प्रती वाढवण्याच्या वेळी घालतात. तुम्ही तो आरएनए काढण्याच्या पायरीपासून घालता आणि लायब्ररीपर्यंत, म्हणजे वाचनयंत्रात घालायच्या मिश्रणापर्यंत, सोबत नेता. त्यामुळं त्यात विषाणूचे रीड (यंत्रानं वाचलेले तुकडे) दिसलेच तर घोळ कुठल्या पायरीत झाला ते शोधता येतं. शिवाय तुम्ही तो कोपऱ्यात ठेवत नाही. ए1 आणि एच12 या दोन्ही कोपऱ्यांत कंट्रोल असले आणि प्लेट चुकून उलटी, म्हणजे 180 अंशांत फिरवून लावली गेली, तर ए1 च्या जागी एच12 येतो, दोन्ही कंट्रोल स्वच्छ दिसतात आणि मधले 94 नमुने एकमेकांच्या नावावर जातात. तुमचा कंट्रोल जी7 मध्ये असतो. प्लेट उलटली तर तो बी6 मध्ये जाईल, जी7 मध्ये भरघोस रीड येतील आणि पहिल्या तासातच बोंब उठेल. ही युक्ती आम्ही तुमच्याकडूनच उचलली आणि आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

सीटीचा, म्हणजे विषाणू दिसायला पीसीआरच्या किती फेऱ्या लागल्या त्याचा रकाना तुम्ही कधी रिकामा सोडत नाही; सीटी जितका कमी, तितका विषाणू जास्त. आम्हाला तो नमुना घ्यायचा की सोडायचा एवढंच ठरवायला लागतो असं नाही. सीटी 18 आणि सीटी 33 यांत 15 फेऱ्यांचं अंतर आहे, आणि दर फेरीला दुप्पट धरलं तर विषाणूच्या मात्रेत बत्तीस हजार पटींहून जास्त फरक पडतो. जोरदार नमुन्याचा सूक्ष्म तुषार जरी शेजारच्या अशक्त वेलमध्ये गेला, तरी तिथं पाहुणाच घरमालक होतो. हे आम्हाला कळतं ते असं: ज्या जागी या दोन नमुन्यांत फरक आहे नेमक्या त्याच जागी, समजा 30 टक्के रीड एक बेस (जीनोमचं अक्षर) सांगतात आणि 70 टक्के दुसरा. अशा वेळी आम्ही प्लेटचा नकाशा उघडतो आणि शेजारच्या आठ वेलचे सीटी बघतो. वेल आणि सीटी दोन्ही लिहिलेले असले तर उत्तर पाच मिनिटांत मिळतं. नसले तर त्या नमुन्याला ‘मिश्र संसर्ग’ म्हणून भलतंच महत्त्व मिळायची भीती.

प्राइमरची (तुकडे वाढवायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या जनुकीय तुकड्यांची) आवृत्ती शीटच्या माथ्यावर लिहायची तुमची सवयही तितकीच मोलाची. सुमारे 29,903 बेसचा जीनोम चारशे-चारशे बेसच्या, एकमेकांवर थोड्या चढलेल्या तुकड्यांत वाढवायचा, ही आर्टिक या संशोधक गटाची पद्धत. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत प्राइमरच्या 98 जोड्या होत्या, चौथीत 99 झाल्या. डेल्टाच्या वेळी तिसऱ्या आवृत्तीत 72 नंबरचा तुकडा गळायचा, आणि स्पाइक प्रथिनातला 142 व्या जागेचा बदल कुठं दिसायचा, कुठं नाही. व्हेरिएंटनं रंग बदलला असं वाटायचं, प्रत्यक्षात प्राइमर बसत नव्हता. आमच्या बाजूची खोच अशी की रीडच्या टोकाचा प्राइमर कापून टाकावा लागतो, कारण तो बाटलीतून आलेला असतो, विषाणूतून नाही. कापताना चुकीच्या आवृत्तीची यादी वापरली तर प्राइमरचेच बेस विषाणूचे म्हणून मोजले जातात आणि खरा बदल झाकला जातो. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, अहवालही देखणा येतो. तुमची ती एक ओळ नसती तर आम्हाला तुकड्यांची टोकं जुळवत आवृत्ती ओळखावी लागली असती.

गावांच्या नावांबद्दल थोडक्यात. इंग्रजीत शिरोळ आणि शिरोली यांत एका अक्षराचा फरक आहे. नुसतं ‘बावडा’ लिहिलं तर कसबा बावडा की गगनबावडा? तुम्ही तालुका वेगळ्या रकान्यात, कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा नावांच्या ठरलेल्या यादीतून निवडून भरता. त्यामुळं हातकणंगले आणि गडहिंग्लज यांची इंग्रजी स्पेलिंगं सुधारत बसायचं काम उरलेलं नाही.

आमच्या हातात पुष्कळ काही आहे. खराब बेस छाटता येतात, जिथं 20 रीडसुद्धा नाहीत तिथं ‘एन’ (बेस माहीत नाही) घालून गप्प बसता येतं, माणसाच्या डीएनएचे रीड वगळता येतात, वंशावळीचं नाव पँगोलिन आणि नेक्स्टक्लेड या दोन प्रोग्रॅमनी दोनदा तपासता येतं. पण चुकीच्या वेलमध्ये गेलेला नमुना कुठल्याही प्रोग्रॅमला परत योग्य जागी नेता येत नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली तरी प्रत्येक जीनोम आपापल्या जागी अगदी निर्दोष असतो, फक्त माणूस दुसरा असतो.

आभार मानता मानता एक मागणी पुढं करतोय, रागावू नका. शीटमध्ये ‘आरएनए किती वेळा वितळवला’ असा एक रकाना वाढवता येईल का? दर वेळी गोठवून वितळवलं की आरएनए तुटत जातो. चारशे बेसच्या तुकड्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, पण 1,200 बेसच्या तुकड्यांची पद्धत वापरली की लांब तुकडे आधी गळतात आणि आम्ही उगाच प्राइमरवर संशय घेतो. आकडा पुरे, शेरा नको. रकाना सीटीच्या उजवीकडे घातला तर आमची स्क्रिप्ट बदलावी लागणार नाही. आणि ट्यूबच्या झाकणावर मार्करनं रेघ मारायची तुमची पद्धत चालू असेलच, तर त्या रेघा मोजून लिहिल्या तरी चालेल.

आपले,
संगणकाच्या खोलीतली मंडळी
कोल्हापूर