अंधारासाठी हॅलोजन

पुणे,
१८ जुलै

प्रिय ओंकार,

परवा फोनवर तू विचारलंस, "पिक्चरचा कोर्स म्हणजे दिवसभर नक्की करता काय रे तुम्ही?" मी तेव्हा बसमध्ये उभा होतो, धड ऐकूही येत नव्हतं, म्हणून "सांगतो नंतर" म्हटलं आणि ठेवला फोन. ते आज सविस्तर सांगतो. पत्र लांबणार आहे. शेवटी तुझ्याकडे एक मागणंही आहे आणि ते खरोखरच तुझ्याच मांडव-लाइटच्या धंद्यातलं आहे, त्यामुळे मधलं काही गाळू नकोस.

या सत्रात आम्हाला एक काम दिलंय. जो सिनेमा अस्तित्वातच नाही, त्याची पहिली दोन मिनिटं करायची. ट्रेलर नाही, शॉर्टफिल्मही नाही. फक्त सुरुवात, नामावलीसकट. पुढचा सिनेमा कधीच होणार नाही, पण बघणाऱ्याला तो पुढे आहे असं वाटलं पाहिजे आणि पडदा काळा झाल्यावर हळहळ वाटली पाहिजे. शैली ज्याची त्याने निवडायची. आमच्या चौघांच्या ग्रुपने 'फिल्म न्वार' घेतली.

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. सिनेमे मात्र अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येणं बंद झालं होतं. १९४६ च्या उन्हाळ्यात साचलेले सिनेमे पॅरिसमध्ये एकापाठोपाठ लागले, आणि नीनो फ्रँक नावाच्या समीक्षकाच्या लक्षात आलं की यातले गुन्ह्याचे सिनेमे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. खून कोणी केला यापेक्षा करणाऱ्याच्या मनात काय चाललंय, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटत होतं. त्याने त्यांना हे नाव दिलं. म्हणजे ज्यांनी ते सिनेमे केले त्यांना आपण 'न्वार' करतोय हे ठाऊकच नव्हतं! बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक, फ्रिट्झ लांग हे सगळे हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून निघालेले. घरदार मागे राहिलं, पण सावलीशी खेळायची तिथली रीत त्यांच्यासोबत हॉलीवुडला गेली. मला यात फार काहीतरी दिसतं. माणसं जीव वाचवून परक्या देशात येतात आणि तिथल्या लख्ख उन्हाच्या शहरात रात्रीचे सिनेमे करतात.

आता वाइल्डरच्याच एका सिनेमाची सुरुवात सांगतो, 'डबल इन्डेम्निटी', १९४४. मी ती निदान वीसदा बघितली असेल. नामावली सुरू असताना पडद्यावर एक काळी आकृती. हॅट, कोट आणि दोन्ही काखांत कुबड्या. ती कॅमेऱ्याकडे चालत येते, मोठी मोठी होत जाते आणि अख्खा पडदा व्यापते. चेहरा दिसत नाही. मग रात्रीचं लॉस एंजेलिस. रस्त्यात कामगार वेल्डिंग करतायत, ठिणग्या उडतायत आणि एक गाडी बेफाम वेगाने येते. गाडीतला माणूस एका विमा कंपनीच्या ऑफिसात शिरतो, टेबलाशी बसतो, बोललेलं रेकॉर्ड करायचं यंत्र पुढे ओढतो आणि आपल्या सहकाऱ्याला उद्देशून बोलायला लागतो. खून मी केला, म्हणतो. पैशासाठी केला आणि एका बाईसाठी केला, आणि पैसाही मिळाला नाही, बाईही नाही. खांद्यात त्याच्या गोळी आहे.

ओंकार, सिनेमा सुरू होऊन पाच-सहा मिनिटंसुद्धा झालेली नसतात! कोणी केलं, का केलं आणि हातात काय राहिलं, सगळं सांगून मोकळा. आपण लहानपणी पिक्चर बघताना शेवट सांगणाऱ्याला मारायला उठायचो, आठवतं? इथे सिनेमाच शेवट सांगतो आणि तरी खुर्चीतून उठवत नाही. कारण आता त्या माणसाचा प्रत्येक निर्णय बघताना आपल्याला माहीत असतं की हा बुडणार आहे, आणि त्याला ते माहीत नसतं. मला आधी वाटायचं उत्कंठा म्हणजे पुढे काय होणार हे न कळणं. आता वाटतं, कळूनही थांबवता न येणं ही जास्त मोठी उत्कंठा आहे.

आणि ती कुबड्यांची आकृती. पुढे कळतं की ज्याचा खून होतो त्या नवऱ्याचा पाय मोडलेला असतो. आणि त्याला मारल्यावर मारणाराच त्याच्या कुबड्या घेऊन, त्याचं सोंग करून आगगाडीत चढतो. मग सुरुवातीची सावली कोणाची होती? मेलेल्याची की मारणाऱ्याची? चेहरा दिसत नाही तो याचसाठी. एका सावलीत दोघं उभे आहेत. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी रूममेटला उठवून सांगितलं.

तर असं सगळं डोक्यात घेऊन आम्ही पहिलं शूट केलं, माझ्याच खोलीवर. ट्यूब घालवली, टेबललॅम्प लावला, मोबाइलवर शूट केलं. डोळ्यांना झकास दिसत होतं. लॅपटॉपवर टाकलं तर काळ्याच्या जागी सगळीकडे करडं, आणि त्यात मुंग्या चालल्यासारखे दाणे. सरांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, "यात काळं कुठे आहे?" मग शांतपणे समजावलं. कॅमेऱ्याला अंधारात सोडलं की तो उजेड हुडकत बसतो, नसलेला उजेड ओढून ओढून दाखवतो, म्हणून करडं येतं. काळं हवं असेल तर एका जागी भरपूर उजेड टाका, इतका की एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, खाली ओढावं लागेल. मग बाकीचं आपोआप बुडतं.

म्हणजे अंधार पाहिजे तर जास्त उजेड लागतो. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तुझ्या भाषेत सांगतो. लग्नाच्या शूटिंगला तुम्ही दोन्ही बाजूंनी लाइट लावता, नवरीच्या नाकाची सावलीसुद्धा गालावर पडू नये म्हणून. एका बाजूचा मुख्य तो 'की लाइट', आणि त्याने पडलेली सावली भरून काढणारा दुसऱ्या बाजूचा तो फिल. न्वारवाल्यांनी हा फिल काढून घेतला. अर्धा चेहरा उजेडात आणि उरलेला अर्धा नाहीच. त्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हे संवादाआधी तो अर्धा चेहराच सांगतो.

आता त्या पट्ट्या. न्वार म्हटलं की भिंतीवर आणि माणसाच्या अंगावर खिडकीच्या आडव्या पट्ट्यांची सावली हवीच. तुरुंगात जायच्या आधीच तो गजाआड दिसतो. ग्रुपमधल्या एकीच्या आजोबांचा सदाशिव पेठेत जुना वाडा आहे, तिथे चौकाकडे उघडणारी झिलमिलीची खिडकी आहे, लाकडी फळ्यांची, दांडी ओढली की उघडझाप होणारी. आम्हाला वाटलं, काम झालं. भाड्याने एलईडी पॅनेल आणलं, खिडकीबाहेर लावलं. आत भिंतीवर काय? नुसता पांढरट, धुरकट चौकोन. पॅनेलवरचं पांढरं कापड काढलं तरी तेच. त्यात शेकडो बारके एलईडी असतात, प्रत्येक जण आपली वेगळी सावली टाकतो आणि सगळ्या मिळून एकमेकींना पुसून टाकतात. रात्रीचे साडेअकरा झाले होते, आजोबा जागे राहून आमच्यासाठी चहा करत होते, आणि आमच्याकडे एकही धड शॉट नव्हता.

तेवढ्यात फळीची कडी बघायला म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावला, आणि भिंतीवर सुरीने कापल्यासारख्या पट्ट्या उमटल्या. खोलीत कोणी बोलेना. एवढासा ठिपका, पण ठिपका होता म्हणूनच! उजेडाचं उगमस्थान जेवढं लहान आणि जेवढं लांब, तेवढी सावली धारदार. शाळेत प्रच्छाया-उपच्छाया, म्हणजे गडद आणि फिकी सावली, पाठ केली होती आपण, ग्रहणाच्या धड्यात. ती मला त्या रात्री समजली. टॉर्च अर्थातच फार मंद होता, दोन फूट मागे नेला की पट्ट्या विझायच्या. म्हणजे लहान पण दणकट दिवा हवा. तिथेच मला तुमच्या गोडाऊनमधले पाचशे वॅटचे हॅलोजन आठवले.

आरशाचंही सांगायचंय. वाइल्डरचाच 'सनसेट बुलेव्हार्ड', १९५०. पहाटे पोलिसांच्या गाड्या येतात, एका हवेलीच्या तरणतलावात एक माणूस पालथा तरंगतोय आणि गोष्ट सांगणारा आवाज त्याचाच आहे, त्या मेलेल्याचा. आपण त्याला पाण्याखालून बघतो, उघडे डोळे, आणि वर काठावर वाकलेले पोलीस. कॅमेरा पाण्यात गेलेलाच नाही. तलावाच्या तळाशी मोठा आरसा ठेवला आणि वरून त्यातलं प्रतिबिंब टिपलं. कॅमेरामन जॉन साइट्झ, 'डबल इन्डेम्निटी'चाही तोच. आणि मूळ सुरुवात ही नव्हतीच. शवागारात प्रेतं एकमेकांशी बोलतात असं आधी शूट केलं होतं, पण आगाऊ खेळाला लोक हसले, म्हणून ते काढून टाकून हे केलं. केवढं मन घट्ट करावं लागलं असेल. आपल्याकडे 'कागज के फूल'मध्ये कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओत जो उन्हाचा झोत पाडला, तोही आरशांनीच, बाहेरचं ऊन आत वळवून. एक आरसा पाण्याखाली, दुसरा स्टुडिओच्या दारात. दोन्हीकडे काम आरशाने केलं, आणि शॉट झाला.

लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना फिल्म इन्स्टिट्यूट लागतं, पूर्वीची प्रभात फिल्म कंपनी. तिथे व्ही. शांतारामांनी १९३९ मध्ये 'माणूस' केला. जुगाराच्या अड्ड्यावर धाड, एक हवालदार, एक वेश्या. फ्रेंचांनी नाव ठेवायच्या सात वर्षं आधी. तो न्वार आहे असं मी म्हणणार नाही, पण बस तिथून गेली की मी खिडकीबाहेर बघतो.

आवाजाचं थोडक्यात. 'टच ऑफ इव्हिल', १९५८, दिग्दर्शक ऑर्सन वेल्स. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा क्रेनवरून छपरांवर चढतो, खाली उतरतो, तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. बॉम्बची गाडी आणि चालत जाणारं नवं जोडपं पुन्हा पुन्हा जवळ येतात, दुरावतात. स्टुडिओने त्यावर नावं आणि पार्श्वसंगीत चढवलं. स्टुडिओने कापलेला सिनेमा बघून वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहिलं. त्याला हवं होतं की ज्या दुकानावरून, ज्या बारवरून कॅमेरा जाईल तिथलं गाणं यावं आणि मागे पडावं. गणपतीत एका मंडळाचं गाणं संपायच्या आत पुढच्याचं कानावर येतं ना, तसं. १९९८ मध्ये त्या टिपणाप्रमाणे सिनेमा पुन्हा जुळवला, तोवर वेल्स जाऊन तेरा वर्षं झाली होती. मी दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघितल्या. नावं काढल्यावर माझं लक्ष डिकीवरून हललं नाही.

आता आमची गोष्ट. एका गावातली पतसंस्था. रात्री एकटा कारकून बसलाय. त्याने सोनेतारणात खोटे दागिने लावून कर्जं काढलीत आणि उद्या ऑडिट आहे. तो फोनवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करतोय, मॅनेजरसाठी, ज्यांनी त्याला मुलासारखं वागवलं. टेबलावर तराजू, बारकी वजनं आणि खतावणी. बाईच्या नादाने बिघडला असं दाखवायचं नाही, हे ग्रुपमधल्या मुलींनी पहिल्याच दिवशी ठाम सांगितलं आणि मला पटलं. जुन्या सिनेमांत ते फारच सोयीने केलंय. आमचा कारकून स्वतःच्या हिशेबाने बिघडलाय.

आणि नामावली कुठे? खतावणीत दोन रकाने असतात, जमा आणि नावे (म्हणजे डेबिट). त्याचं बोट 'नावे'च्या रकान्यावरून खाली सरकतं, आणि तिथे शाईने लिहिलेली नावं येतात, कलाकारांची, छायाचित्रणाची, सगळ्यांची. शेवटी 'जमा'च्या रकान्यात सिनेमाचं नाव, एकटं. बोट तिथे थांबतं, आणि वीज जाते. हे सुचलं तेव्हा मला तुझी आठवण आली, कारण आण्णांची ती लाल वही, मांडवाच्या उधारीची. तिच्यात मी 'नावे' हा शब्द पहिल्यांदा बघितला होता आणि विचारलं होतं की हा माणसांच्या नावांचा रकाना का.

म्हणून मागणं. येत्या शनिवारी रात्री आम्ही पुन्हा शूट करतोय. मला दोन हॅलोजन हवेत, स्टँडसकट. आण्णा सांगायचे की हॅलोजनची नळी आडवीच ठेवायची, उभी केली की लवकर जाते. ते आमच्या पथ्यावरच पडतंय. झिलमिलीच्या फळ्याही आडव्या आहेत, आणि नळी फळ्यांना समांतर असली की पट्टीची कड तेवढीच धारदार येईल. चौकात वीस फूट मागे लावायचा विचार आहे. झोत हवेत दिसावा म्हणून धूप करू. साइट्झने बंद घरातली धूळ दिसावी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची पूड उडवली होती, आपल्याला ऊदही पुरेल.

पण नुसते दिवे पाठवू नकोस, तू ये. वाड्याचं वायरिंग जुनं आहे, आजोबांचं घर आहे, आणि हजार वॅट कुठून घ्यायचे हे तू स्वतः बघितल्याशिवाय मी स्विच दाबणार नाही. वीस मीटर वायर आण. जास्तीच्या दोन नळ्या आण, कागदासकट, बोट लागू देऊ नकोस. वजनकाटा असेल कोणा सोनाराकडे जुना, पितळी पारड्यांचा, तर विचारून बघ. इथे मिळाला तो फारच चकचकीत आहे.

शनिवारी सकाळची एसटी धर, मी स्वारगेटला उभा असेन. आण्णांना सांग, रविवारी रात्रीपर्यंत सामान परत पोचतं करतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रथमेश