पाणथळीची हद्द उन्हाळ्यात ठरवू नका

पाणथळीलगतच्या घरांना परवानगी देताना स्थळपाहणी एप्रिल-मेमध्ये झाली, तर पाणी ओसरलेले असते आणि तीच कोरडी कड नकाशावर हद्द म्हणून उमटते. पाणथळ जागा नियम, 2017 मात्र अधिसूचित पाणथळींसाठी, नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करू देत नाहीत; अपवाद फक्त बोटींच्या धक्क्याचा. जमिनीला दोनशेला एक (200 मीटरमागे 1 मीटर) उतार असेल, तर पातळी 30 सेंटिमीटर वर धरताच ही रेषा 60 मीटर मागे सरकते. म्हणजे अख्खा भूखंडच बाद! म्हणून केवळ सातबारा आणि मोजणी नकाशावर भागवू नये. पूरपातळीची नोंद आणि दर 20 सेंटिमीटर उंचीला एक अशा समपातळी रेषांचा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा अर्जासोबत सक्तीचा करावा.

सांडपाण्याकडे तर कोणी बघतच नाही. पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्डा जिरवायचे थांबतो, सेप्टिक टाकी तुंबते आणि मैला थेट पाणथळीत जातो. ऑगस्टमध्ये जागेवर दीड-दोन मीटर खड्डा खणून पाहावा. त्यात पाणी लागले, तर तिथे शोषखड्डा मंजूर करूच नये. भराव टाकून जोते उंचावणे हाही उपाय नव्हे. भरावाने अडलेले पुराचे पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते.

– एक स्थापत्य अभियंता, उरण