खुले पत्र: मंत्रीमहोदय, मी बरी झाले, आता पुढे काय करू?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञ यायचे. मागच्या बुधवारी मी आणि आई सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो, तर दारावर कागद चिकटवलेला: 'मानसिक आरोग्य तपासणी पुढील आदेशापर्यंत बंद.' खाली सही नाही, तारीख नाही. शिपाई म्हणाला, साहेबांची बदली झाली, नवीन येतील तेव्हा येतील. मग औषधं? ती चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. चिठ्ठी? ती डॉक्टर देतात.

गेल्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, याच आवारात मंडप घातला होता. आपल्या खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माइकवर शब्द दिला की, शेजारच्या रिकाम्या खोलीत आजारातून उठणाऱ्या मुलामुलींसाठी दिवसाचं केंद्र सुरू करू, समुपदेशक देऊ, संगणक देऊ, हाताला काम देऊ, आणि हे सगळं मे महिन्याच्या आत. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं होतं, फोटोसाठी. आईने मनापासून टाळ्या वाजवल्या. त्या खोलीत आज मोडक्या खाटा आहेत आणि त्याच कार्यक्रमाचे बॅनर गुंडाळून ठेवलेत. केंद्र राहिलं बाजूला, होते ते डॉक्टरही गेले.

मी २७ वर्षांची आहे. बी.कॉम. करून मुंबईत एका कंपनीत अकाउंट्सला लागले होते. तिथे मला ऑफिसातल्या माणसांचं बोलणं रात्री खोलीच्या भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं. माझ्याबद्दलचंच. पुढे ते टीव्हीतून येऊ लागलं. बाबा येऊन मला कोकण रेल्वेने गावी घेऊन गेले. मग देवळात कौल लावला, घाडीने गाऱ्हाणं घातलं, पलीकडच्या वाडीतल्या भगताने नारळ आणि कोंबडा घेतला. या लोकांना मी नावं ठेवत नाही. ते हाकेच्या अंतरावर असतात, रात्री दहालाही दार उघडतात, आणि त्यांच्या दारावर 'पुढील आदेशापर्यंत बंद' असा कागद मी कधी पाहिला नाही. त्यात बराच काळ निघून गेला. सायकोसिस, म्हणजे नसलेले आवाज खरे वाटायला लावणारा हा माझा आजार, जितका काळ उपचाराविना राहतो, तितकं त्यातून उठणं कठीण होतं, हे मला नंतर कळलं. आपल्या खात्याला ते आधीपासून ठाऊक असणार.

गोळ्यांनी आवाज गेले. हे खरं आहे आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण आवाज गेल्यावर मागे काय उरलं, हे कुणी विचारलं नाही. वजन अठरा किलोंनी वाढलं. रात्रीच्या गोळीने सकाळी नऊपर्यंत डोळा उघडत नाही आणि आमच्याकडे नऊपर्यंत झोपणाऱ्या मुलीला काय म्हणतात, ते आपण कोकणात प्रचाराला येता तेव्हा ऐकलं असेल. हात थरथरतात. मैत्रीण बाळंत झाल्याचा फोन आला, मी 'अरे वा' म्हटलं आणि आत काहीच हललं नाही. तपासणी दोन मिनिटांची असायची. झोप येते? जेवतेस? आवाज येतात? नाही? छान, पुढचा पेशंट.

काजूच्या कारखान्यात कामाला लागले होते. गर सोलताना तुकडा जास्त पडतो म्हणून मालकाने विचारलं, हात का थरथरतो? मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून 'सध्या माल कमी आहे.' आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला बोलावतात, कारण तेव्हा माणसं मिळत नाहीत. जूनमध्ये मी पुन्हा वेडी होते. गणपतीला चाकरमानी येतात, आरती झाली की एकेक काकू जवळ बसते. 'आता बरी आसस मां गो?' असं म्हणते आणि माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघते. धाकट्या बहिणीला स्थळं येतायत, त्या दिवशी मला मामाकडे पाठवतात. बहीण रडते. मी जाते.

कुणीतरी म्हणालं, दिव्यांगाचा दाखला काढ. काढायला गेले. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींचे गुण, शिवाय आजार किती वर्षांचा याचे वेगळे गुण. वीसपैकी सात झाले तर ४० टक्के, आणि ४० टक्क्यांखालच्या दाखल्याला कुणी विचारत नाही. मी आंघोळ करून, इस्त्रीचा ड्रेस घालून गेले होते, प्रश्नांची नीट उत्तरं दिली. नापास झाले. आजार कुजवून दहा वर्षांचा केला तर गुण वाढतील, लवकर उपचार घेऊन सावरायला लागलं तर कमी पडतील, अशी ही परीक्षा आहे. पास झाले असते तरी काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा दिल्या, त्यातली १ टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षम, अध्ययन अक्षम, मनोरुग्ण आणि बहुविकलांग अशा सगळ्यांना मिळून. संजय गांधी निराधारचे दीड हजारांचे अडीच हजार केलेत म्हणे. अभिनंदन.

कायदा मात्र काय सुंदर लिहिलाय! मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याचं कलम १८ मी मोबाइलवर वाचलं. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात आवश्यक यादीतली मनोविकाराची औषधं मोफत आणि कायम उपलब्ध हवीत. बरं होणाऱ्यांना मधल्या काळात राहायला निवारे हवेत, घरच्यांना आधाराची सेवा हवी. कलम १९ म्हणतं, समाजात राहण्याचा मला हक्क आहे. समाजाला हे कळवलंय का? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे, म्हणजे माझ्याहून वयाने मोठा आहे. त्याला एव्हाना चालता यायला हवं होतं.

आणि आकडे विचाराल तर २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली ती १२ राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हताच! तरी गुजरात, केरळ, आसामवरून आपला अंदाज बांधता येईल: तीव्र मनोविकार असलेल्या दर चारांतल्या तिघांना उपचारच मिळत नव्हते. एका अमेरिकी अभ्यासात अशा आजाराच्या पहिल्या झटक्यातून उठलेल्या दहातल्या आठांना पाच वर्षांत आजार पुन्हा उलटला आणि औषध थांबवणाऱ्यांना तो धोका जवळपास पाच पट होता. माझा एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल तर खात्याने सुधारून कळवावा, तेवढ्या निमित्ताने तरी फाइल उघडेल. दारावरचा तो बिनसहीचा कागद काय करतोय, ते मात्र या 'पाच पट'वरून समजून घ्या.

इंग्लंडात २०१६ मध्ये नियम आला की सायकोसिसच्या पहिल्या झटक्याच्या किमान निम्म्या रुग्णांना दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाले पाहिजेत, आणि त्यात घरच्यांशी बोलणं, शिक्षण-नोकरीला मदत हेही येतं. इंग्लंड श्रीमंत म्हणाल, तर चेन्नईला या. तिथल्या 'स्कार्फ' संस्थेने कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉक्टरांसोबत अशा नव्या रुग्णांकडे दोन वर्षं लक्ष ठेवलं. माझ्यासारखं आतून सुन्न होणं, कशातच मन न लागणं, यात चेन्नईची मुलं माँट्रियलपेक्षा जास्त सुधारली. घरच्यांची साथ हे त्यामागचं एक मोठं कारण दिसतं. वाचून मला आनंद झाला आणि लगेच राग आला. कारण ही साथ म्हणजे कोण, ते मला माहीत आहे. 'घेतलंस गो गोळी?' असं रोज रात्री विचारणारी, गुडघे दुखत असताना एसटीच्या पायऱ्या चढणारी, दोन मासे विकून खासगी दुकानातून माझी औषधं आणणारी. कोकणात आपल्या खात्याची एकच योजना चालू आहे आणि ती माझी आई आहे. तिचं वय ५८. पुढची तरतूद काय, हे अर्थसंकल्पात शोधलं, सापडलं नाही.

बाकी आमच्याकडे कशाची कमी आहे? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे, आता नातवंडं बघतील. चिपीला विमानतळ झाला, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं, विमान कधी येतं ते विचारू नका. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिन्ही जिल्ह्यांना सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं दिलीत. छान केलंत. पण कोकणात कुणी जरा वेगळं वागलं की आजही 'ह्याका रत्नागिरीक धाडा' म्हणतात, कारण दीडशे वर्षं होत आली तरी वेड म्हणजे रत्नागिरीचं मनोरुग्णालय, याच्यापलीकडे सरकारने आम्हाला दुसरं काही दाखवलंच नाही. एकतर भिंतीच्या आत, नाहीतर आईच्या गळ्यात. मधे काही बांधायचं तर टेंडर निघत नसावं. ज्याचं टेंडर निघत नाही ते या राज्यात होत नाही, आणि ज्याचं मत जमेस धरत नाहीत त्याचं तर काहीच होत नाही. माझं नाव मतदार यादीत आहे. पाहून घ्या.

मागणं फार नाही. डॉक्टर परत द्या, आणि ते नसतील त्या महिन्यात जुन्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या. रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन तालुक्याला ठेवा. ती खोली उघडा. खाटा आम्ही उचलतो. आणि एक माणूस नेमा, जो काजूच्या मालकाशी जाऊन बोलेल की ही मुलगी दहाला येईल पण हिशेब चोख ठेवेल. डेबिट-क्रेडिट मी विसरलेले नाही.

उत्तर पाठवलंत तर त्यात १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर देऊ नये. तो मला पाठ आहे. माझ्याकडे नऊ दिवसांच्या गोळ्या उरल्यात आणि त्या फोनवरून येत नाहीत.

आपली,
जिल्हा सिंधुदुर्गातील एक मतदार
(नाव लिहीत नाही. बहिणीची बोलणी चालू आहेत.)