चिमीला पत्र: परदेशी शिकायला जाण्यासाठीच्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला लागण्याआधी

दांडिया बाजार, बडोदा
रविवार दुपार

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "आयेल्ट्सला दोन महिने पुरतील का गं?" आणि मी घाईघाईत "पुरतील" म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून चैन नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. तुझं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे, आणि काळजी त्याचीच वाटते. मीही त्याच भरवशावर गेले होते.

पहिल्या वेळचे बँड, म्हणजे चार भागांचे गुण, मी तुला सांगितलेच नव्हते. लिसनिंग साडेसात, रीडिंग साडेसहा, स्पीकिंग साडेसहा, रायटिंग सहा. चारांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडवर आणतात, त्यामुळे एकूण साडेसहा झाले. पण विद्यापीठाला चारही भागांत साडेसहा हवे होते. अर्ध्या बँडानं प्रवेश गेला. बाबांनी भरलेली फी आठवून मला दोन दिवस घास गिळवेना. आई एका शब्दानं काही बोलली नाही, ते जास्त लागलं. आता एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण माझ्या विद्यापीठाला ती चालत नव्हती. तू अर्ज करण्याआधी हे विचारून घे.

रायटिंगचं मात्र मला नीट सांगायचं आहे. मी ज्या क्लासला जायचे, तिथे निबंधाचे सांगाडे पाठ करून घ्यायचे. विषय शिक्षणाचा असो की प्रदूषणाचा, पहिली चार वाक्यं तीच, आणि मधेमधे जड शब्द पेरायचे. मीही मन लावून पेरले. तपासणारे कशाला गुण देतात, हे मला निकालानंतर समजलं. चार गोष्टी बघतात आणि चारींना सारखंच वजन: जे विचारलं त्याचं उत्तर दिलंय का, मुद्द्याला मुद्दा जोडलाय का, शब्द, आणि व्याकरण. माझ्या निबंधात "तुम्ही कितपत सहमत आहात?" या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. दोन्ही बाजू मांडून मी शहाण्या मुलीसारखी मध्ये उभी राहिले होते. आपल्याला घरात, शाळेत हेच वळण लागलेलं असतं गं, मोठ्यांसमोर आपलं मत ठासून सांगायचं नाही. इथे मात्र पहिल्याच परिच्छेदात सांगावं लागतं की माझं म्हणणं हे, आणि ते शेवटपर्यंत सोडायचं नाही.

दुसऱ्या वेळी मी क्लास सोडला आणि युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत बसायला लागले. आपण तिथे चार वर्षं गेलो, पण त्या नावाचा विचार कधी केला होतास? हंसाबेन आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात "ऑल मेन" होतं, तिथे "ऑल ह्यूमन बीइंग्ज" यावं म्हणून त्या भांडल्या. शब्द साधेच, पण त्यांनी अख्खी स्त्रीजात आत आली. त्या दिवसापासून मी वहीतली जड शब्दांची यादी बंद केली आणि नेमका शब्द शोधायला लागले.

मराठी डोक्यातून होणाऱ्या चुकांची वेगळी वही कर. आलेखाचं वर्णन करताना मी "बाय" आणि "टू" यांचा सारखा घोळ घालायचे. मग "टक्क्यांनी" आणि "टक्क्यांपर्यंत" असं मनात म्हणायला लागले आणि तो घोळ कायमचा मिटला. "द" मात्र अजूनही सुटतो, आपल्या भाषेत ती वस्तूच नाही. शेवटची तीन मिनिटं मी फक्त "द" आणि "अ" शोधायला ठेवायचे. आणि वेळेचं ध्यानात ठेव: रायटिंगच्या तासाभरात पहिलं काम आलेखाचं, किमान 150 शब्दांचं, दुसरं निबंधाचं, किमान 250 चं, पण दुसऱ्याला गुण दुप्पट. पहिल्याला वीस मिनिटांवर एक मिनिट देऊ नकोस.

रीडिंगमध्ये दिलेलं विधान "ट्रू", "फॉल्स" की "नॉट गिव्हन" (उताऱ्यात दिलेलंच नाही) ते ठरवायचं असतं, त्यातलं "नॉट गिव्हन" तुला छळणार. मी आपल्या बडोद्यावरून समजून घेतलं. उताऱ्यात असं आहे समज, की सयाजीरावांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. खाली विधान: "त्यानंतर सगळी मुलं शाळेत जाऊ लागली." आपल्याला मोह होतो "ट्रू" लिहायचा, कारण महाराजांवर आपलं प्रेम! पण उताऱ्यात ते लिहिलेलं नाही. तेवढंच बघायचं. आपल्याला काय ठाऊक आहे ते बाजूला ठेवायचं.

लिसनिंग तुला जमेल. रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, म्हणून सरावातही मागे नेऊन ऐकू नकोस, आणि स्पेलिंग जप.

स्पीकिंगसाठी मी रोज रात्री सूरसागर तळ्याच्या पाळीवर जायचे. बाबा घड्याळ धरायचे. परीक्षेतल्यासारखं एका विषयावर एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलणं. पहिल्या आठवड्यात चाळीस सेकंदांत माझं सगळं संपायचं. मग बाबाच म्हणाले, "अगं, सेव उसळ खाऊन आलीस की आईला अर्धा तास सांगतेस, तसं सांग ना." तेव्हा कुठे गाडी चालू लागली. उच्चार परदेशी करायला जाऊ नकोस, तो कुणी मागत नाही, स्पष्ट बोल. आपले "व" तेवढे सांभाळ, "वेस्ट" आणि "व्हेस्ट" आपण एकच करून टाकतो.

दुसऱ्या वेळी रायटिंगला बरोबर साडेसहा आले. मी स्क्रीन आईपुढे धरली आणि दोघी रडलो.

तेव्हा दोन महिन्यांचं असं: आधी घरी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडव. रीडिंगमध्ये चाळीसपैकी तिसाच्या आसपास बरोबर आले तर सातच्या जवळ आहेस, मग सगळा वेळ रायटिंगला दे. वीस-बावीसच आले तर तारीख पुढे ढकल, घाई करू नकोस. निकाल दोन वर्षं चालतो.

आणि पहिला निबंध लिहिलास की फोटो काढून मला पाठव, कसाही झाला असला तरी. मी लाल पेन घेऊन बसते. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
नमू