बंद फ्लॅट आणि मॅनेजरचा पगार

महोदय,

गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात. कोकणात अनेकांना त्या गणपतीला धरूनच लावाव्या लागतात, कारण चाकरमानी सभासद तेव्हाच हाताशी असतात. मॅनेजरच्या पगाराचा विषय निघाला की पहिला सवाल ठरलेला: ‘चाळीसातले निम्मे फ्लॅट वर्षभर बंद, मग याला काम तरी काय असतं?’

रत्नागिरी-चिपळूण-कुडाळकडे हा हिशेब उलटा आहे. जुलैत बंद फ्लॅटच्या गॅलरीतली पाणी जायची जाळी पालापाचोळ्याने बुजते, पाणी तुंबून हॉलमध्ये शिरतं आणि खालच्या घराच्या स्लॅबला ओल धरते. दाराला कुलूप, मालक डोंबिवलीत. अशा वेळी मालकाची लेखी संमती, किल्ली आणि किल्ल्यांची नोंदवही ज्याच्याकडे असते, तोच दार उघडू शकतो. तेही समितीचा एक सदस्य सोबत घेऊन, नाहीतर पुढे ‘कपाटातलं काय गेलं’ यावर भांडण. फ्लशच्या टाकीचा फ्लोट अडकला तर एकट्या बंद फ्लॅटमधून रात्रभरात गच्चीवरची टाकी उतरते. टँकरवर चालणाऱ्या इमारतीत मे महिन्यात हे परवडत नाही. वसुलीही फोनवरच करायची. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळ व्याज लावता येतं, पण ते दर महिन्याच्या बिलात बिनचूक दिसलं पाहिजे.

तेव्हा पगार फ्लॅटच्या संख्येवर नव्हे, कामाच्या यादीवर ठरवावा. लिफ्ट, जनरेटर, बोअरवेल, सांडपाणी प्रक्रिया यांतलं जे जे असेल, त्याने पगार चढतो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने लिफ्टच्या दारांचे काँटॅक्ट गंजतात, म्हणजे देखभालवाल्याच्या मागे लागणं वाढतं. अग्निशमन यंत्रणा असेल तर जानेवारी आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचा नमुना ‘ब’ दाखला द्यायचा असतो. दप्तराचं काम वेगळंच: बँकेचा ताळमेळ, ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या सभासदांच्या नोंदवह्या, लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल. जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) झालेला माणूस हे स्वतः करतो आणि त्याचे पैसे मागतो. ते वाचवायला वॉचमनच्या पगारात दोनेक हजार घालून मॅनेजर नेमायचा आणि दप्तर लिहायला वर्षाअखेर बाहेरचा माणूस शोधायचा, यात वाचत काहीच नाही. वीस-पंचवीस फ्लॅटच्या इमारतींनी पूर्णवेळ माणूस ठेवूच नये. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून एक ठेवावा, वार आणि वेळ लिहून द्यावी.

हा खर्च वाटायचा कसा, यावरही गोंधळ असतो. सोसायटीत नोकरांचा पगार सेवाशुल्कात येतो आणि तो सर्व फ्लॅटना सारखा, वन बीएचके असो की थ्री. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या ‘अपार्टमेंट’मध्ये मात्र तो घोषणापत्रात लिहिलेल्या, सामायिक भागांतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्याने पडतो. आपली इमारत दोन्हींपैकी काय आहे, हे आधी कागद काढून बघा. बंद फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) लावून पगार काढू, ही सूचना तर हमखास येते. ते शुल्क भाड्याने दिलेल्या फ्लॅटलाच लागतं, आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर जात नाही.

एजन्सीमार्फत माणूस घेताना आकडेमोड करून बघा. समजा पगार १८,००० रुपये. थेट नेमला तर चाळीस फ्लॅटना प्रत्येकी ४५० पडतात. एजन्सीने १० टक्के आपला आकार लावला की १९,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३,३६४, म्हणजे फ्लॅटमागे ५८४. वर्षाला ६४,३६८ रुपये जास्त गेले आणि मॅनेजरच्या हातात त्यातला एक रुपया नाही. माणूस रजेवर गेला की बदली मिळते, एवढीच सोय. करारात तेही लिहून घेतलं असेल तर.

चार-पाच नोकरांच्या सोसायटीला भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी कायद्याने बंधनकारक होत नाही. म्हणून पगाराच्या ठरावातच वार्षिक वाढ, दिवाळीचा बोनस, भरपगारी रजा आणि सोडताना द्यायची रक्कम लिहावी. गणपती आणि शिमग्यात सगळे फ्लॅट उघडतात, तेव्हा त्याला घरी जायला मिळणार की नाही, तेही.

– सहकारी संस्थांचा एक लेखापरीक्षक, रत्नागिरी